थांबायचं कधी, आणि सांगायचं कोणी?



गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण पर्वाचा पाचवा दिवस होता. संध्याकाळची भक्ती आटोपून आम्ही दोघी रिक्षाने घरी येत होतो. पौड रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि माझी मंडळातली मैत्रीण हळूच म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण आक्कांना आता तुम्हीच काय ते सांगा. आमच्याच्यानं नाही होत."

काय सांगायचं, हे मी विचारलं नाही. तिनेही उलगडून सांगितलं नाही. सिग्नल सुटला.

आक्का म्हणजे यांच्या थोरल्या आत्या. वय ७८. काका गेल्यावर सांगलीचं घर बंद करून त्या आमच्याकडे कोथरूडला आल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. येताना दोन ट्रंका आणि एक पेटी. तेव्हापासून आमच्या मंदिरात पर्व असो, विधान असो, पूजेची पदं आक्काच म्हणायच्या. स्वतः पेटी धरायच्या, काळी चारात, आणि पहिली ओळ सुटली की बोलणाऱ्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. हे मी सून म्हणून कौतुकाने लिहीत नाही, तुमच्यापैकी ज्या आमच्याकडे आल्या आहात त्यांना ठाऊक आहे.

पण गेली दोन-तीन वर्षं वरचा षड्ज लागेना. ओळीच्या मध्येच श्वास तुटायचा. दुसऱ्या कडव्यापासून आवाज पेटीच्या खाली घसरायचा आणि मागे साथ करणाऱ्या बायकांना कळायचं नाही की पेटी धरावी की आक्कांना धरावं. तरुण मुलींनी मोबाइलवर ट्रॅक लावायला सुरुवात केली होती. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. आक्का एका बाजूला, ट्रॅक दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही सगळ्या माना खाली घालून.

"कळायला हवं बाई, कधी थांबायचं ते." हे वाक्य मी तेव्हा दोन-तीनदा ऐकलं. याआधीही पुष्कळदा ऐकलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, मोठमोठ्या गायकांबद्दल मी स्वतःही म्हटलं आहे. सवाईहून घरी येताना, कोणाच्या तरी घरी पोहे खाताना. घरातल्या माणसावर ते वाक्य येऊन आदळलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे किती सहज बोलतो.

या बाबतीत आपल्याकडे दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. एक केसरबाई केरकरांचं. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, ज्यांना सूरश्री म्हणतात त्या. १९६३-६४च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं, तेव्हा सत्तरी नुकतीच उलटली होती. आवाज पूर्वीसारखा लागत नाही हे लोकांच्या आधी त्यांनाच जाणवलं आणि त्या उठल्या, असंच त्यांच्याबद्दल सांगतात. पुन्हा बसल्या नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही त्या फार सावध होत्या, त्यामुळे मागे उरलं ते मोजकंच. त्यातली भैरवीतली एक तबकडी, 'जात कहाँ हो', अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

दुसरं उदाहरण बालगंधर्वांचं, आणि ते देताना लोक मान हलवतात. नारायणराव राजहंस, जन्म १८८८. ज्यांच्या लुगड्या-शालूंची नक्कल आपल्या पणज्यांनी केली, त्यांनी पन्नाशी उलटल्यावरही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. शरीर सुटलं होतं, आवाज थकला होता. पुढे पायांनीही साथ सोडली, तेव्हा बसून भजनं म्हणायचे. "बालगंधर्वांनी वेळीच थांबायला हवं होतं," हे वाक्य माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल. ते स्वतः मात्र सांगलीला पहिल्या रांगेचं तिकीट काढून गेले होते!

आता मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. केसरबाई निग्रही आणि बालगंधर्व मोहात अडकलेले, असा निकाल आपण देऊन टाकतो. पण केसरबाईंना पैशाची ददात नव्हती. बालगंधर्वांच्या डोक्यावर गंधर्व नाटक मंडळीच्या कर्जाचा डोंगर होता. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथ झाले, दाढी लावून उभे राहिले, पण ते जग त्यांना मानवलं नाही आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले. ज्याचं पोट आणि ज्याचं देणं रोजच्या तिकीटविक्रीवर आहे, त्याने कधी थांबावं हे खुर्चीत बसलेल्याने कोणत्या तोंडाने सांगायचं?

विठाबाई नारायणगावकर आठवतात का? तमाशातलं एवढं मोठं नाव, राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेला, आणि शेवटचे दिवस हलाखीत. २००२ साली त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंताला दर वर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. वृद्ध कलावंतांसाठी सरकारी मानधन आहे, ते अलीकडे महिना ५,००० रुपये झालं. कोथरूडमध्ये पाच हजारांत काय येतं ते तुम्ही-आम्ही किराणा भरणाऱ्या बायका जाणतो. तबलजी, पेटीवाले, लावणीच्या बायका यांना निवृत्ती हा शब्दच परवडत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की थांबणं हा फक्त शहाणपणाचा प्रश्न नाही. हातात काही उरलेलं असेल तरच माणूस सुखाने थांबतो.

आक्कांच्या बाबतीत पैशाचा प्रश्न नव्हता. पण उरण्याचा होता. पदं गेली तर आक्कांकडे काय उरणार होतं? सकाळचं अभिषेकाला जाणं, दुपारी तांदूळ निवडणं, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मग आमच्या टीव्हीचा आवाज. मंडळातल्या बायकांना प्रश्न दहा मिनिटांच्या पदाचा वाटत होता. माझ्या डोळ्यांसमोर उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं होते.

पर्वाच्या आठव्या दिवशी उत्तम त्यागावर प्रवचन झालं. पंडितजी छान बोलले. बोलताना दोघीतिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला जरा रागच आला. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याने सोडावी, याला काही त्याग म्हणत नाहीत. आपल्याकडे श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत, त्या पायऱ्या आहेत. आरंभत्याग आठवी, परिग्रहत्याग नववी, घरातल्या व्यवहारात संमतीसुद्धा द्यायची नाही तो अनुमतित्याग दहावी. कोणी पहिल्या पायरीवरून एकदम दहावीवर उडी मारत नाही. आणि कोणी मागून ढकलतही नाही. स्वयंपाकघराचंच बघा ना. ज्या सासूने आधी पोळ्या सोडल्या, मग फोडण्या सोडल्या, आणि शेवटी लोणचं तेवढं हातात ठेवलं, ती सुखाने बाहेर बसते. जिच्या हातून एका दिवशी डबे काढून घेतले, ती दारात उभी राहून आमटीला मीठ कमी आहे म्हणते, मरेपर्यंत.

गाणाऱ्यांमध्ये अशा पायऱ्या कोणी बांधल्या म्हणाल तर मला प्रभाताई अत्रे आठवतात. पुण्याच्याच. फर्ग्युसनमधून विज्ञान, मग कायदा, मग सरगमवर डॉक्टरेट. आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला, बंदिशी रचल्या, शिष्य घडवले. २०१६ साली संगीतावरची त्यांची अकरा पुस्तकं एकाच दिवशी प्रकाशित झाली, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. सवाई गंधर्वची सांगता कित्येक वर्षं त्यांच्या गाण्याने व्हायची. १३ जानेवारी २०२४ला, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या, त्या दिवशीही मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. लोक म्हणतात, बघा, शेवटच्या श्वासापर्यंत गायल्या. मला त्यात वेगळंच दिसतं. त्यांच्यासाठी मंच हे एकच घर नव्हतं. मंच गेला असता तरी शिकवणं होतं, लिहिणं होतं. म्हणून मंचावर त्या हट्टाने बसल्यासारख्या कधी वाटल्या नाहीत.

ख्यालाची एक सोयही आहे. तिथे पट्टी आपली, वेळ आपला. काळी चारातून पांढरी चारात उतरलात तर कोणी तक्रार करत नाही, खर्जात काम केलं तर जाणकार उलट मान डोलावतात. गंगूबाई हनगलांचा आवाज तर घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी झाला होता, आणि त्याच आवाजाने त्या हुबळीहून निघून देशभर गायल्या, शेवटची मैफल २००६ साली, नव्वदी ओलांडल्यावर. भावगीत आणि सिनेमाच्या गाण्याचं तसं नाही. श्रोत्यांच्या कानात तबकडी पक्की असते, पंचविसाव्या वर्षी मुद्रित झालेली, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तेच, त्याच पट्टीत हवं असतं. आशाताईंनी नव्वदाव्या वाढदिवसाला, २०२३मध्ये, दुबईत मोठा कार्यक्रम केला. त्या वयात उभं राहून गाणं ही सोपी गोष्ट नाही. पण समोरचे लोक आशाताईंना ऐकत असतात की आपल्या कॉलेजच्या दिवसांना, हे मला कधी कळलेलं नाही.

माझंही तेच झालं आहे. भीमसेनजी सवाईत शेवटचे गायले २००७ साली, वय ८५. रमणबागेच्या त्या मैदानावर त्यांच्या शेवटच्या वर्षांत मी बसले आहे, मांडीवर शाल घेऊन. दम पूर्वीचा नव्हता. शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या आणि मीही. पण आम्ही समोरचा सूर ऐकतच नव्हतो. तो जिथे अपुरा पडत होता तिथे आम्ही वीस वर्षांपूर्वीचा सूर आतून भरून घेत होतो. प्रेमाने ऐकणाऱ्याला खरं ऐकू येत नाही, मग प्रेमाने गाणाऱ्याला कसं यावं?

आणि गाणाऱ्याची अडचण तर दुप्पट असते. आपला आवाज आपल्याला कानातून येतो तसा कवटीच्या हाडांमधूनही येतो, म्हणून स्वतःला तो नेहमी भरदार वाटतो. त्यात वयाने श्वास कमी पुरतो, पाळी गेल्यावर बाईचा आवाज बहुधा खाली उतरतो, आणि कानही वरच्या सुरांना मंद होत जातात. म्हणजे सूर घसरतो आणि तो घसरलेला ओळखणारा कानही त्याच वेळी थकतो. "तिला कळायला हवं" हे म्हणणं म्हणूनच मला आता पटत नाही. तिला कळणार नाही. कोणीतरी सांगावं लागेल.

टाळ्या वाजवणारे सांगणार नाहीत. ऑस्ट्रेलियात नेली मेल्बा नावाची मोठी गायिका होऊन गेली. तिने १९२६ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये निरोपाचं गाणं केलं, आणि तरी मायदेशी १९२८पर्यंत निरोप घेतच राहिली. तिकडे म्हणे अजून, वारंवार निरोप घेणाऱ्या माणसाला तिची उपमा देतात. प्रत्येक निरोपाला लोक टाळ्या वाजवत असणार, मग तिने तरी का थांबावं?

तेव्हा सांगायचं ते घरच्याच माणसाने. एकटीत, खरं, आणि मोजक्या शब्दांत. हित, मित आणि प्रिय बोलावं असं आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. तिन्ही एकत्र साधत नाहीत, हे त्यांना सांगत नाही.

क्षमावणी झाल्यावर आठवडाभराने, दुपारी, आक्का ताटात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आक्का, वरचा सूर अलीकडे लागत नाही तुमचा. पट्टी खाली घेऊ या का?"

त्यांनी मान वर केली नाही. "कोण म्हणालं?"

"मी म्हणते."

हे अर्धसत्य होतं. नावं मी घेतली नाहीत, त्याचा मला आजही पस्तावा नाही.

त्यानंतर तीन दिवस आक्का माझ्याशी कामापुरतं बोलल्या. सकाळी पूजेच्या तयारीत त्या गुणगुणायच्या, तेही बंद. हे मला म्हणाले, "कशाला सांगितलंस? वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न होता." मला त्याचं वाईट वाटलं, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आपण मंडळाच्या सोयीसाठी एका म्हातारीचा सूर तोडला, असं रात्री पडल्यावर मनात यायचं. अजूनही कधी कधी येतं.

चौथ्या दिवशी आक्का स्वतःच म्हणाल्या, "तुझ्या त्या फोनवर घे बघू माझं." पेटी काढली, काळी चारातच एक पद म्हटलं, पूर्ण. मी लावून दाखवलं. त्या फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर माझी आई गातीय." थोड्या वेळाने, "मला आधीच सांगायचं होतंस की."

मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

पांढरी चारात प्रयत्न केला. बरा लागला, पण मागच्या तरुण मुलींना तो फार खाली गेला. मग असं ठरलं, म्हणजे आक्कांनीच ठरवलं, की पर्वात एकच पद त्या म्हणणार, पेटीवर, ट्रॅकशिवाय. बाकीचं मुलींनी म्हणायचं. पण मुलींना येत होत्या त्या यूट्यूबवरच्या चाली. आक्कांकडे सांगलीच्या मंदिरातल्या, त्यांच्या आईकडून आलेल्या वीस-पंचवीस चाली होत्या, कुठेही लिहिलेल्या नाहीत. आता शनिवारी दुपारी दोन मुली आमच्याकडे येतात. एक आयटीत आहे, लॅपटॉप मांडीवर घेऊनच बसते. आक्का त्यांना रागावतात. दुसरी जरा हळवी आहे, ती एकदा रडलीसुद्धा. मी मध्ये पडत नाही, चहा करते.

मंडळातल्या सगळ्यांना हे पटलं आहे असं मात्र नाही. "एक पद तरी कशाला?" असं एक म्हणालीच. तिच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, ती हे वाचते.

फाल्गुनातल्या अष्टाह्निकेत आमच्याकडे सिद्धचक्र विधान झालं. आक्का पहिल्यांदाच पेटीपाशी नव्हत्या. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर, हातात जपमाळ. माईक त्या दोघी मुलींकडे. पहिली दोन पदं नीट झाली. तिसऱ्याला त्या आयटीवाल्या मुलीने अंतरा सरळ वर उचलला, यूट्यूबसारखा, आणि तिसऱ्या रांगेतून, माईकशिवाय, सगळ्या मंदिराला ऐकू जाईल असा आक्कांचा आवाज आला: "खालून घे गं!" आणि ती ओळ त्यांनी म्हणून दाखवली. कापऱ्या आवाजात, पण जागच्या जागी. मुलगी थांबली, हसली, आणि तिने खालून घेतली.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता आक्का म्हणाल्या, "सूर चांगला आहे पोरीचा. घाई फार करते."